नुश या शब्दाचं कूळ

वॉर्डातल्या मावशींनी दारातूनच मूठ उंचावून दादाला ‘नूऽश!’ म्हटलं, आणि आजूबाजूच्या खाटांवरची निम्मी माणसं हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. शेजारच्या खाटेवर पाय टांगून ठेवलेल्या माणसाने तर पडल्या पडल्या आपलीही मूठ वर करून साथ दिली. मावशी बादली खाली ठेवत तिला म्हणाल्या, “तुमचे भाऊ पक्के मालिकावाले दिसतात. सकाळपासून एकच जप चाललाय. आमच्या घरची पोरं अशीच करतात.” तीही हसली. फळांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि हसली, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मग तिने दादाकडे पाहिलं. उजवी बाजू गेलेली, तोंड जरा वाकडं, गालांवर पांढरे खुंट, आणि डोळे मात्र मावशींच्या मुठीवर खिळलेले. ते डोळे तिने ओळखले. लहानपणी घरी पाहुणे आले की त्याचे डोळे असेच व्हायचे. तो पुन्हा म्हणाला, “नुश.” मूठ नाही, आरोळी नाही, आखूड, दबलेला, शेवटी श्वासातच विरून गेलेला शब्द. मालिकेतलं नव्हतं ते. मालिकेच्या कितीतरी आधीचं होतं.

मालिकेची भाषा तिने केली होती, हे वॉर्डात कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. अशा कामाची माणसं पडद्यावर दिसत नाहीत. शेवटी नावं भराभर वर सरकतात तेव्हा लोक उठून दिवे लावत असतात. पूर्वी ती एका शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासायची. दिवसभर मान खाली, बोटांना शाई, आणि शब्दांच्या पुढे कंसात त्यांची मूळं. तिथे एके दिवशी एक निर्माता आला. दूरच्या ग्रहावरच्या लोकांची मालिका काढायची होती, त्या लोकांना त्याने ‘इलार’ म्हणायचं ठरवलं होतं, आणि त्यांना भाषा हवी होती. दोघा-तिघा विद्वानांनी करून दिलेल्या भाषा त्याने नापास केल्या होत्या. त्याचं म्हणणं, ऐकताना भांडी पडल्यासारखं वाटतं. कोणी जन्मभर हे बोललंय असं वाटत नाही. ती त्या रात्री घरी गेली, भाजी चिरता चिरता तिच्या तोंडून एक शब्द निघाला, त्याला धरून दुसरा आला, आणि सकाळी ती निर्मात्याला मूठभर शब्द म्हणून दाखवून आली. तो खुर्चीत पुढे सरकला. हे, हे, असंच, म्हणाला. कुठून आणलंत, म्हणाला. या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला एक वाक्य पुरलं असतं. माझा भाऊ लहानपणी असं बोलायचा, एवढंच. ते वाक्य तोंडाशी आलं आणि तिने गिळलं. लाज वाटली म्हणावं, तर कसली? त्याची, की त्याचं काढून विकायला निघाल्याची? तेव्हा तिने विचार केला नाही. कचेरीतली सवय कामाला आली आणि तिने जागच्या जागी एका शब्दाचं मूळ रचून सांगितलं. धातू, उपसर्ग, जुनं रूप, नवं रूप. निर्माता खूश. ती मात्र घरी जाईपर्यंत अंगात ताप असल्यासारखी चालत होती.

पुढे तीच कामाची रीत पडून गेली. शब्द दादाचा घ्यायचा आणि त्याच्यामागे एक खोटं कूळ उभं करायचं. मालिकेत कवितेपासून शिव्यांपर्यंत सगळं लागायचं, तेव्हा तिने व्याकरण वाढवलं, नियम केले, नियमांना अपवाद केले. पण मुळाशी बहुतेक सगळं त्याचं. लोकांना तर तिची कुळंच जास्त आवडली. मालिकेच्या मासिकात ‘शब्दाचं कूळ’ नावाचं सदर सुरू झालं, ते दर महिन्याला तिच्याकडे. अमुक शब्द इलारांच्या खाणींमधून आला, तमुक शब्द आधी फक्त विधवा बोलत. लोक पत्रं लिहून शंका विचारायचे, ती त्यांची हौसेने उत्तरं द्यायची. नुशचं कूळ सगळ्यांत गाजलं. ‘नु’ म्हणजे पहाट आणि ‘अश’ म्हणजे पाय रोवून उभं राहणं. उजाडेपर्यंत हटू नका, अशी वेढ्यात सापडलेल्या इलारांनी एकमेकांना दिलेली हाक. मग ती युद्धघोषणा झाली, मग सलाम, मग नुसतंच ‘भेटू’. सदऱ्यांवर छापली गेली, पोरांनी मनगटांवर गोंदवून घेतली, सामन्यांमध्ये हजारो लोक एका दमात ती ओरडू लागले. स्टुडिओत बुचाच्या भिंतींच्या खोलीत उभं राहून तिने किती नटांकडून ती घोटून घेतली असेल. पोटातून काढा, नु लांबवा, श वर दात दिसू द्या. काचेपलीकडचा ध्वनिवाला तिला भाषाबाई म्हणायचा आणि आवाजाचा काटा लाल पट्ट्यात गेला की अंगठा दाखवायचा. तिला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

आता खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसून ती दादाच्या तोंडाकडे पाहत होती. पाणी हवं असेल म्हणून तिने चमच्याने पाणी दिलं. त्याने ते गिळलं आणि पुन्हा म्हणाला, नुश. उजेड डोळ्यांवर येत असेल म्हणून पडदा ओढला. उशी वर केली, उशी खाली केली, पंखा मंद केला. नुश. तो चिडत नव्हता, हेच तिला जास्त लागत होतं. सांगितलेलं कळलं नाही तर न चिडता तेवढंच पुन्हा सांगायचं, ही त्याची लहानपणापासूनची तऱ्हा. खाटेच्या टोकाशी त्याचा बरा असलेला डावा पाय मधूनमधून चादरीखाली हलत होता, तेवढीच काय ती हालचाल. डॉक्टर तरुण होती, समजावून सांगणारी होती. म्हणाली, मेंदूला असा धक्का बसला की बोलणं जातं आणि परत येताना वाटेल ते आधी येतं; कोणाला गाणं येतं, कोणाला शिवी येते, यांना टीव्हीवरचं आलंय. हळूहळू नेहमीचं बोलणं सुधारलं की हे आपोआप बंद होईल, काळजी करू नका. वहिनींनी हात जोडले. बंद होईल, हे डॉक्टर दिलासा म्हणून सांगत होती.

घरात ती भाषा बंद झाली तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल, दादा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. तो उशिरा बोलायला लागला आणि लागला तो स्वतःचंच बोलायला लागला. मुकाच राहिला असता तर लोकांनी हळहळ तरी केली असती. हा घडाघडा बोलायचा आणि कोणाला ओ की ठो कळायचं नाही, म्हणून लोक हसायचे. आईसुद्धा कधी कधी तोंडाला पदर लावून हसायची आणि मग आत जाऊन रडायची. कळायचं ते फक्त हिला. हिने ते शिकल्याचं हिला आठवत नाही; तिच्या आठवणी सुरू होतात तेव्हापासून ते तिला येतच होतं. तो बोलायचा, मोठी माणसं हिच्याकडे वळायची, आणि ही गुडघ्याएवढी पोर कमरेवर हात ठेवून सांगायची, त्याला सांडशीचा आवाज नकोय, त्याला ते काका नकोयत. काका नकोयत हे काकांच्या तोंडावर सांगितल्याबद्दल तिने मारही खाल्ला होता. तो तिला ‘ईबू’ म्हणायचा. तिच्या खऱ्या नावाशी त्याचा काही संबंध नव्हता. मालिकेला तिने सगळं दिलं, पण तेवढा एक शब्द दिला नाही. निर्मात्याने एकदा राणीसाठी लाडाचं नाव मागितलं तेव्हा तो ओठांवर आला होता. तिने खोकल्याचं निमित्त केलं आणि दुसरं काहीतरी बनवून दिलं. आपण अगदीच हे नाही, असं मनाशी म्हणायला तेवढं राखून ठेवलेलं असावं.

मग वडिलांनी एक मास्तर आणले. उच्चार सुधारण्यात त्यांचं नाव होतं. ते रागीट नव्हते, हातात छडी नव्हती, आल्यावर आधी हात धुवायचे. धाकटीला खोलीबाहेर ठेवा, ती याची कुबडी झाली आहे, एवढीच त्यांची अट होती. ती दाराबाहेर फरशीवर बसून ऐकायची. मास्तरांनी पहिलं वाक्य शिकवलं ते अनोळखी माणसांसमोर अब्रू झाकायला उपयोगी पडेल असं. ‘मला समजले नाही. कृपया पुन्हा सांगा.’ हे म्हणता आलं की निम्मं जग जिंकलं, असं ते म्हणायचे. दादाने ते शेकडो वेळा म्हटलं, प्रत्येक अक्षर वेगळं, जड वस्तू एकेक करून टेबलावर ठेवाव्यात तसं. आणि मग तो ते सगळीकडे वापरू लागला. दुकानदाराला, शेजाऱ्यांना, काकांना, वडिलांना, शेवटी आईलाही. मला समजले नाही, कृपया पुन्हा सांगा. लोक वाहवा करायचे, मुलगा किती नम्र झाला म्हणायचे. हिला मात्र त्याने ते वाक्य कधीच म्हटलं नाही. पुढे त्याची ती भाषा पार गेली, तो चारचौघांसारखा बोलू लागला, चारचौघांपेक्षा जरा कमीच. वजनमापं तपासण्याच्या खात्यात लागला, दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं तपासून शिक्के मारत निवृत्त झाला. पण इतक्या वर्षांत तिचं एखादं बोलणं कळलं नाही तरी तो गप्प बसायचा, पुन्हा सांग म्हणायचा नाही. आपण त्याला परक्या नाही, असा तिने त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता आणि त्यावर ती बरीच वर्षं तगली होती.

मालिकेचा पहिला भाग तिने दादाच्या घरी बसून पाहिला होता. मुद्दाम गेली होती. वहिनींनी शेजारणींना बोलावलं होतं, नणंदेचं कौतुक. पडद्यावर गळ्याला कल्ले असलेला एक उंच इलार खडकावर उभा राहून बोलू लागला, आणि खोलीत दादाचं बालपण ऐकू येऊ लागलं. तिला वाटलं होतं तो चमकेल, तिच्याकडे वळेल, रागावेल तरी, नाहीतर कदाचित हसेल. तो खुर्चीच्या सैल झालेल्या हाताचा स्क्रू आवळत होता. आवळून झाला, खुर्ची हलवून पाहिली, आणि मग म्हणाला, “आवाज जरा कमी कर.” एवढं बोलून आतल्या खोलीत गेला. वहिनी हसून म्हणाल्या, यांना हे असलं आवडत नाही गं, मनाला लावून घेऊ नकोस. त्याला आठवतच नसेल, असं तिने घरी जाताना स्वतःला सांगितलं. त्यावर तिने कधी विचारलं नाही, त्याने कधी काढलं नाही. मूग गिळून बसण्यात दोघं भावंडं एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी.

आणि आता त्याच्या तोंडून ते सगळं परत येत होतं, आणि जगात ते कळू शकेल अशी एकच बाई त्याच्या खाटेशी बसून चाचपडत होती. ती रोज भेटीच्या वेळेला येऊ लागली. तो थोडं थोडं जास्त बोलू लागला होता. ‘ताव’ म्हणजे काय ते तिला आठवलं, दिवा बंद कर. ‘हुमले’ म्हणजे पुरे. प्रत्येक शब्द ओळखला की तिला पोरीसारखा आनंद व्हायचा आणि लगेच मनात धस्स व्हायचं. पण नुश काही केल्या सापडत नव्हता. तिने तो कधीतरी ऐकला होता, हजारदा ऐकला होता, त्यावर काहीतरी केलं होतं. करण्यासारखाच शब्द होता तो, एवढं नक्की. स्वयंपाकघरातलं मोठं टेबल, त्याच्याखालचा अंधार, लाकडाचा वास, बाहेर पाहुण्यांचे बूट, आणि टेबलाखाली दोघं. तो म्हणायचा नुश, आणि मग ती... त्या ‘मग’पाशी आली की पहाट व्हायची. खडकांवर उभे इलार, पाय रोवलेले, उजाडेपर्यंत हटू नका. किती सुंदर रचलं होतं तिने ते. त्या सुंदर मुळाने खालचं सगळं गिळून टाकलं होतं. ती टेबलाखाली वाकून बघायला जायची आणि दर वेळी तिला आपलंच सदर वाचायला मिळायचं. बसमध्ये, जिन्यात, तोंड धुताना ती तो शब्द त्याच्यासारखा म्हणून पाहायची, आखूड, दबलेला. जमायचा नाही. तोंडाला नटांची सवय लागली होती, नु आपोआप लांबायचा. एकदा सिग्नलला उभी असताना ती असंच पुटपुटली आणि शेजारच्या स्कूटरवरच्या मुलीने हसून मूठ वर केली.

स्टुडिओत शेवटच्या भागाचं काम निघालं होतं. इलार संपणार होते, त्यांचा शेवटचा माणूस मरताना काय म्हणतो ते हवं होतं. त्या नटाने, चांगला सालस माणूस होता तो, तिला विचारलं की बाई, बोलायला दुसरं कोणीच उरलं नसताना हा बोलतो तरी कशाला? तिने हातातला कागद उलटा करून ठेवला. ध्वनिवाल्याने काचेवर टिचकी मारली, भाषाबाई, बरं वाटत नाही का? तिने मान हलवली. नुश म्हणजे काय ते आईला विचारलं असतं, पण आईला जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि आईला तरी कुठे माहीत होतं. कोणाला विचारायचं? एकच माणूस होता आणि तो तिलाच विचारत होता.

त्या दिवशी ती वॉर्डात पोचली तेव्हा दादा अस्वस्थ होता. जेवणाच्या ढकलगाड्यांचा खडखडाट चालला होता, कोणाचा तरी मोठा गोतावळा भेटायला आला होता. त्याचे डोळे भिरभिरत होते आणि तो सारखा म्हणत होता, नुश, नुश, आणि दाराकडे पाहून, ईबू. तिने तो शब्द पन्नास वर्षांनी ऐकला. ती पुढे झाली, त्याचा हात धरला, म्हणाली, “दादा, मी आलेय. मीच ईबू.” त्याने तिच्याकडे पाहिलं, पांढरे केस, चष्मा, गळ्यातलं स्टुडिओचं ओळखपत्र, आणि मग तिच्या खांद्यावरून पुन्हा दाराकडे पाहू लागला. त्याला सहा-सात वर्षांची मुलगी यायला हवी होती. तिला रडू आलं ते तिने आवरलं नाही. तेवढ्यात वहिनी औषधं घेऊन आल्या. त्यांनी एकदा दादाकडे पाहिलं, औषधं कपाटावर ठेवली, आणि आपली फुगलेली, पाण्याच्या बाटल्यांनी नि कपड्यांनी जड झालेली पिशवी उचलून सरळ त्याच्या पावलांवर ठेवली. मग वरून हाताने दाब दिला. दादाने डोळे मिटले. श्वास खाली बसला. ‘नुश,’ तो म्हणाला, पण आता तो मागत नव्हता, मिळालं म्हणत होता.

तिने पटकन पिशवीवर हात ठेवला. वहिनींना वाटलं ती दचकली. “अगं, काही लागत नाही त्यांना,” त्या म्हणाल्या. “पायांवर वजन लागतं, नाहीतर झोपच नाही. लग्न झालं तेव्हापासून बघतेय. हिवाळा-उन्हाळा दुमडलेलं ब्लँकेट पायांवर. गडबड असली की मी आपली पायांशी बसते. इथे सिस्टर बसू देत नाहीत म्हणून पिशवी.” तिने विचारलं, त्याने तसं सांगितलं होतं का कधी. वहिनी हसल्या. हे कधी काही सांगतात का, म्हणाल्या, कळतं आपलं.

टेबलाखालचा अंधार एकदम उजळला. तो पाय लांब करून बसलेला, पाठ टेबलाच्या पायाला, आणि ती त्याच्या पावलांवर बसलेली, त्याच्याकडे तोंड करून, सगळा भार टाकून. नुश म्हणजे माझ्या पायांवर बस. मी उडून जाईन असं वाटतंय, बस. पाहुणे जाईपर्यंत ती तशी बसून राहायची, तिच्या मांड्यांना त्याचे घोटे टोचायचे, आणि तो हळूहळू शांत व्हायचा. एवढंच होतं ते. त्यात पहाट नव्हती, वेढा नव्हता, पाय रोवणं तर नव्हतंच. पाय रोवता येत नव्हते म्हणून तर तो शब्द होता. डाव्या पायाची ती चादरीखालची हालचाल ती इतके दिवस नुसती बघत आली होती. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिथे उभं राहवेना. वहिनींना ती भाषा येत नव्हती, एक अक्षर येत नव्हतं, आणि नुशचा अर्थ त्या उभ्या संसारात रोज करत आल्या होत्या. हिने त्याच शब्दावर सदर चालवलं होतं.

त्या संध्याकाळी तिने मनाशी ठरवून टाकलं. उद्या जायचं, लवकर जायचं, वहिनींना थोडा वेळ खाली पाठवायचं, आणि त्याच्या पायांवर बसायचं. बसून काय बोलायचं तेही ठरवलं. फार नाही, त्याच्याच शब्दांत, जितके खरे उरले असतील तितक्यांत, की मी ईबू आहे, तुझं मी नेलं, आता मला कळलं. त्याने तिला ओळखून एकदा ते नाव घेतलं तरी पुरे होतं. पुढचं पुढे. मालिका संपली की सदरही बंद करायचं, कोणी विचारलं तर खरं सांगायचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली. दुसऱ्या दिवशी तिने स्टुडिओत येणार नाही म्हणून कळवलं आणि भेटीच्या वेळेच्या आधीच जाऊन दारात उभी राहिली. मावशींनी ओळखीने आत सोडलं. आज शांत आहेत हो तुमचे भाऊ, त्या म्हणाल्या, सकाळपासून जप नाही.

दादाची दाढी केली होती. उशीला टेकवून बसवलं होतं, चेहरा उजळला होता, डोळे स्थिर होते. तिने वहिनींना चहा पिऊन यायला सांगितलं. वहिनी गेल्या. पलीकडचा पाय टांगलेला माणूस झोपला होता. तिने चपला काढल्या, खाटेच्या टोकाशी गेली, आणि सिस्टरची चाहूल घेऊन, चोरासारखी, त्याच्या पावलांवर बसली. आधी भीतभीत, मग सगळा भार टाकून. त्याचे घोटे तिला टोचले. अगदी तिथेच, अगदी तसेच. तिचे डोळे भरून आले. “नुश,” ती म्हणाली, आणि तो आखूड निघाला, दबलेला निघाला, जन्मात पहिल्यांदा तिला बरोबर म्हणता आला. मग तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, “ईबू.” आणि मग जे जे आठवलं ते सगळं, टेबल, बूट, दिवा, पुरे, तुकड्यातुकड्यांनी, चुकतमाकत, त्याच्या भाषेत.

तो ऐकत होता. मध्ये एकदाही त्याने नजर काढली नाही. कपाळाला आठी घालून, मान किंचित पुढे काढून, शिकवल्यासारखा नीट ऐकत होता. ती बोलायची थांबली. त्याचे ओठ हलले, जुळले, पुन्हा हलले. वाकड्या तोंडातून एकेक अक्षर वेगळं करत, जड वस्तू टेबलावर ठेवाव्यात तसं, तो म्हणाला, “मला समजले नाही. कृपया पुन्हा सांगा.”

दारात काहीतरी आपटलं. वहिनी होत्या, हातातला थर्मास खाली पडला होता. बोलले, बोलले, स्पष्ट बोलले, असं म्हणत त्या धावत आल्या, रडत होत्या आणि हसत होत्या. मावशी आल्या, सिस्टर आली, टांगलेल्या पायाचा माणूस जागा झाला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. सिस्टरने दादाला नाव विचारलं. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा स्वच्छ, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरना बोलवा, कोणीतरी म्हणालं. वहिनींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तू काय जादू केलीस गं, म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष खाली गेलं. “अगं, त्यांच्या पायांवर बसलीयेस तू. ऊठ.”

ती उठली. दादाने तिच्याकडे पाहून मान तुकवली, चालत होता तो डावा पाय जवळ ओढून घेतला, आणि भेटायला आलेल्या माणसाला बसायला करून द्यावी तशी चादरीवर थोडी जागा करून दिली.